औषधाने ओढलेले गाल

जीव वाचवणाऱ्या औषधानेच चेहरा बदलावा, असे एच.आय.व्ही.च्या कित्येक रोग्यांच्या बाबतीत घडले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले; त्यांतील स्टॅव्ह्युडीन हे स्वस्त औषध पेशींच्या ऊर्जानिर्मितीला बाधा आणी. हातापायांची चरबी झडे, गाल खोल जात, आणि घरात झाकलेला रोग चारचौघांत तोंडावर उमटे. मग गोळ्याच सोडून देण्याचा मोह होई. तो तर प्राणघातक!

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. परंतु गेलेली चरबी परतते ती थोडी नि सावकाश. अमेरिकेत २००४ मध्ये अशा गालांसाठी पॉलिलॅक्टिक आम्लाचे इंजेक्शन मान्य झाले. त्याने त्वचेखाली कोलॅजनचे नवे तंतू धरतात. काही वेळा रोग्याचीच चरबी काढून गालांत भरतात. मानेमागे साठलेली चरबी नळीने शोषून काढता येते, पण ती पुन्हा वाढू शकते. आतड्यांभोवतीची मात्र अशी निघत नाही.

याला कोणी चैन म्हणेल. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने मात्र २०१० मध्ये, चेहऱ्यापायी मनाने खचलेल्या रोग्यांसाठी हा खर्च मान्य केला. मला तो निर्णय न्याय्य वाटतो.