दूर जावे, पण कशासाठी?

(चिकलठाणा येथे बारावी उत्तीर्ण विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



निकाल लागले, पेढे वाटून झाले, आणि आता घराघरांत एकच विषय आहे. मुलाला इथेच, बसने जाऊन-येऊन शिकता येईल अशा महाविद्यालयात घालावे, की पुण्या-मुंबईच्या, दिल्ली-बंगळुरूच्या नामवंत संकुलात पाठवावे? एका बाजूला परवडणारे शुल्क आणि घरचे जेवण, दुसऱ्या बाजूला मुलाच्या डोळ्यांतले स्वप्न. या प्रश्नाचा विचार करताना प्रथम आपल्या मराठवाड्याचा इतिहास आठवावा, असे मला वाटते.

आज आपल्यापुढे निवड आहे. आपल्या आजोबांपुढे ती नव्हती. निजामी राजवटीत तेव्हाच्या औरंगाबादेत इंटरमीडिएटपर्यंतचे महाविद्यालय होते, पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. म्हणजे अंतर नुसते मैलांचे नव्हते, भाषेचेही होते. १९३८ च्या अखेरीस याच शहरातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यावर बंदी आली. तरुण मागे हटले नाहीत. हे लोण हैदराबादपर्यंत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच आंदोलनातील एक विद्यार्थी. ही मुले दूर गेली, कारण स्वाभिमान गहाण ठेवून जवळ शिकणे त्यांना मान्य नव्हते.

त्यानंतरच्या पिढीने काय केले? दूर जाण्याची सक्ती संपावी म्हणून जवळ संस्था उभ्या केल्या. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, देवगिरी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. आज आपण ज्याला ‘काय, इथलेच कॉलेज’ असे म्हणून नाक मुरडतो, ते मिळावे म्हणून कुणीतरी आयुष्य वेचले आहे, हे विसरू नये.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जवळची महाविद्यालये उभी करणारी कितीतरी माणसे स्वतः दूर जाऊन शिकून आली होती. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले. तिथे मिळवलेली विद्या त्यांनी इथल्या वंचित मुलाच्या पायरीपर्यंत आणून ठेवली. डॉ. हेडगेवारांचे उदाहरणही असेच आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई जवळ असताना ते १९१० मध्ये नागपूरहून कोलकात्याला गेले. घरची स्थिती हलाखीची, पण हेतू स्पष्ट होता. कोलकाता हे क्रांतिकार्याचे केंद्र होते आणि त्या कार्याशी त्यांना नाते जोडायचे होते. पदवी घेऊन ते नागपूरला परतले, आणि १९२५ मध्ये काय घडले हे आपण जाणता.

तेव्हा दूर जाण्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, दूर जायचे ते कशासाठी? जी गोष्ट इथे मिळत नाही ती तिथे नेमकी कोणती, हे मुलाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. एखादी विशेष प्रयोगशाळा, इथे नसलेला विषय, एखाद्या गुरूंच्या हाताखाली शिकण्याची संधी. असे उत्तर असेल तर पालकांनी मागे-पुढे पाहू नये. पण माहितीपत्रकावरच्या हिरवळीचा फोटो, मित्र चालले आहेत म्हणून, किंवा नातेवाइकांत सांगायला बरे म्हणून, ही उत्तरे असतील तर थोडे थांबावे.

आता व्यवहाराचे बोलू. घरातल्या सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे आणि एका कागदावर हिशेब मांडावा. नुसते पहिल्या वर्षाचे शुल्क नव्हे. चारही वर्षांचे शुल्क, वसतिगृह, खानावळ, प्रवास, पुस्तके, संगणक, सारे लिहावे. समजा, आठ लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे साडेदहा हजारांचा हप्ता पडतो आणि एकूण परतफेड बारा लाखांच्या वर जाते. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. नोकरी लागली तरी पहिल्या पगारातून एवढी रक्कम जाणार, आणि लागायला उशीर झाला तर ती वडिलांच्या खांद्यावर येणार. हे मुलाला आधीच ठाऊक हवे. ज्याला घरची खरी स्थिती सांगितली जात नाही तो मुलगा निष्काळजी होतो, आणि ज्याला ती ऐन परीक्षेच्या तोंडावर कळते तो खचतो.

त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा, तो घरातल्या मुलीचा. आपल्या समाजातील एक कटू गोष्ट मी आज बोलणार आहे. मोठ्या मुलाच्या दूरच्या संकुलासाठी जेव्हा शेताचा तुकडा विकला जातो, तेव्हा अनेकदा धाकट्या बहिणीचे शिक्षणही त्याबरोबर विकले जाते. तिला सांगितले जाते, ‘तू इथेच बी.ए. कर, बाई.’ मातृशक्तीचा गौरव आपण व्यासपीठावरून करतो, तो घरच्या हिशेबातही दिसायला हवा. मुलगा जवळ शिकल्याने मुलीला दूर शिकता येत असेल, तर तोही पर्याय तितक्याच मोकळेपणाने मांडावा. शासनानेही २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. ‘निवडक संस्था’ हे शब्द लक्षात ठेवा. चकचकीत इमारतीची प्रत्येक संस्था त्या यादीत नसते. पैसे भरण्याआधी ती यादी पाहावी.

जवळच्या महाविद्यालयाचे मी गोडवे गाणार नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त, प्रयोगशाळेला कुलूप, तास नावापुरते, अशी महाविद्यालये आपल्या भागात आहेत, हे आपण सारे जाणतो. तिथे मुलाला घालणे म्हणजे काटकसर नव्हे, त्याची चार वर्षे वाया घालवणे आहे. म्हणून जवळचे असो वा दूरचे, परीक्षा एकच लावावी. कामाच्या दिवशी, न कळवता तिथे जाऊन यावे. तास चालू आहेत का, ग्रंथालय संध्याकाळपर्यंत उघडे असते का, यंत्रांवर मुले काम करताना दिसतात का, हे पाहावे. शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांशी बोलावे. कमानीपेक्षा ते अधिक खरे सांगतील.

आणि आपल्या दाराशी काय आहे, तेही एकदा डोळे उघडून पाहावे. याच चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, जिथे साचे आणि हत्यारे घडवण्याचे शिक्षण प्रत्यक्ष यंत्रावर दिले जाते. इथेच प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी केंद्र सरकारची सिपेट आहे, जिची प्रवेशपरीक्षा देशपातळीवर होते. परप्रांतातल्या एखाद्या मुलासाठी चिकलठाणा हेच दूरचे, स्वप्नातले ठिकाण असू शकते, आणि आपण मात्र त्याच फाटकावरून रोज जालना रस्त्याने पुढे जातो. लातूरचेही तसेच. तिथल्या शिक्षकांनी मेहनतीने एक पद्धत रुजवली, आणि राज्यभरातून मुले लातूरकडे येऊ लागली. संस्था मोठी होते ती तिथे शिकवणाऱ्यांमुळे आणि शिकणाऱ्यांमुळे. राजधानीपासूनचे अंतर त्याच्या आड येत नाही.

एक मधला मार्गही आहे. पदवी इथे घ्यावी, पाया पक्का करावा, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी दूर जावे. तोपर्यंत मुलाला आपली आवड कळलेली असते, शिष्यवृत्तीच्या परीक्षा देण्याची तयारी झालेली असते, आणि घराला चार वर्षांची उसंत मिळालेली असते. उत्तम प्राध्यापकांची व्याख्याने ‘स्वयम्’सारख्या व्यासपीठावर घरबसल्या ऐकता येतात. ऐकण्याची शिस्त मात्र स्वतःची हवी.

विद्यार्थी मित्रहो, जवळ शिकलात म्हणून स्वतःला उणे समजू नका. रोज घरी येणारा मुलगा दोन तास प्रवासात आणि चार तास कट्ट्यावर घालवू लागला, तर दोष महाविद्यालयाचा नाही. आणि दूर गेलात, तर आईला नुसता पैशांसाठी फोन करू नका. जे शिकाल त्याचा काही अंश या मातीकडे परत आला पाहिजे. इथल्या डॉ. हेडगेवार रुग्णालयाकडे पाहा. मोठ्या शहरांत सहज स्थिरावू शकले असते अशा तरुण डॉक्टरांनी १९८९ मध्ये ते सुरू केले, आणि आज हजारो कुटुंबांना त्याचा आधार आहे. परतणे नेहमी गावीच राहायला येऊन करावे लागते असे नाही. दूर राहून एका मुलाचे शुल्क भरणे, सुटीत येऊन दहावीच्या मुलांना आठ दिवस गणित शिकवणे, हेही परतणेच आहे.

शेवटी समाजाला एक विनंती. सिल्लोड, कन्नड, भोकरदनच्या खेड्यातून येणाऱ्या मुलाला आपले हे शहरही दूरच आहे. खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून मिळालेला प्रवेश सोडून देणारी मुले दर वर्षी असतात. या वसाहतीतील प्रत्येक सुस्थित घराने एका मुलाच्या एका वर्षाच्या भोजनाचा भार उचलला, तर त्यातली कितीतरी मुले परत जाणार नाहीत. प्रवेशाच्या याद्या येत्या आठवड्यांत लागतील. ज्यांना हे शक्य आहे, त्यांनी आज निघण्यापूर्वी संयोजकांकडे आपले नाव नोंदवावे.