खालचा कप्पा

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या वाचनालयाच्या वतीने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. मागे जेवण गरम होतंय, त्यामुळे वेळ पाळतो.

जिन्याखालचं एक कपाट, ज्याला आपण कौतुकाने वाचनालय म्हणतो, ते बारा वर्षं माझ्याकडे आहे. वरच्या कप्प्यांत पु.ल., व.पु., दिवाळी अंक. खालच्या कप्प्यात माझी जाडजूड इंग्रजी पुस्तकं : ड्रॅगन, तलवारी, शापित राजघराणी. याला पोरखेळ म्हणणारे इथेही बसलेत. पण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता, त्या युद्धात त्याचे जिवलग मित्र गेले. त्याच्या गोष्टीतला अंधार काही हवेतून आलेला नाही.

आता कबुली. सहा वर्षांपूर्वी बी विंगमधल्या नववीतल्या एका मुलाने ‘ड्रॅगनवालं काहीतरी’ मागितलं. मी उत्साहात जॉर्ज मार्टिनचं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ दिलं. त्यात सात वर्षांच्या पोराला मनोऱ्यावरून खाली ढकलतात. का ढकलतात, ते मुलांसमोर सांगत नाही. चार दिवसांत त्याची आई वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तक घेऊन आली. “काका, तुम्ही स्वतः वाचलंय ना हे?”

वाचलं होतं, म्हणून तर जास्त लाज वाटली. सरळ माणूस राजकारणात कसा मारला जातो, हे मार्टिनइतकं कडक क्वचितच कोणी लिहिलंय. पण मी ते चाळिशीत वाचलं होतं. (पाचवा भाग २०११ ला आला. सहाव्याची वाट बघतोय, आपल्या कन्व्हेयन्ससारखी.) पुढच्या सभेत तो कप्पा बंद करायची सूचना आली. मी भांडलो नाही, कुलूप लावलं. पोरगा मात्र वाचनालयात यायचाच थांबला, ते जास्त लागलं.

काही वर्षांनी बारावीच्या निकालानंतर तो आला. मार्क कमी होते, बोलत नव्हता. या वेळी घाई केली नाही. चहा दिला, अर्धा तास बसवलं, मग अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ काढलं. १९६८ चं, दोनशेच्या आसपास पानांचं. गेड नावाचा हुशार पोरगा ईर्षेपोटी नको तो मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली जगात सोडतो. आधी तिच्यापासून पळतो, मग तिच्याच मागे जातो. ती सावली कोण, ते सांगणार नाही. पुस्तक तीन महिने परत आलं नाही. आलं तेव्हा एवढंच म्हणाला, “काका, पुढचा भाग?”

कुलूप आता नाही. पण पुस्तक देण्याआधी मी चहा पाजतोच, कोणी कंटाळलं तरी.

गेल्या महिन्यात त्याची आई आली. म्हणाली, “ते वर्तमानपत्रातलं पुस्तक आहे का अजून? मला वाचायचंय.” दिलंय. तीन आठवडे झाले, परत आलेलं नाही. ताई समोरच बसल्यात, म्हणून थांबतो. चला, पानं वाढली आहेत.