मुक्त काम, पण फुकटचा घाम नव्हे
(कामगार कुटुंब मेळाव्यातील भाषण)



मघाशी चहाच्या वेळी आर.एम.एस.मधल्या एका साथीने मला गाठून विचारले, "मुलगी रात्र-रात्र जागून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते आणि साऱ्या जगाला वाटून टाकते. यात पोट कसे भरायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर देतो.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत : मुक्त आणि मोफत. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा असे सॉफ्टवेअर. ते लिहिणाऱ्याने दाम घेऊ नये, असा नियम कोठेही नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीतील नोकरी सोडून ग्नू प्रकल्पाला वाहून घेतले. १९८५ मध्ये ते आपल्या इमॅक्स प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत. घेणाऱ्याला प्रती वाटण्याची मोकळीक होती, तरी लोक टेप घेत. १९८९ मध्ये अमेरिकेत तिघांनी सिग्नस कंपनी काढली. प्रोग्रॅम मुक्तच, पैसे घेतले ते दुरुस्तीचे, नव्या यंत्रावर बसवून देण्याचे, अडचणीला धावून जाण्याचे. १९९९ मध्ये रेड हॅटने ती घेतली आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅटसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. आज लिनक्सच्या गाभ्यावरील बहुतेक काम पगारी प्रोग्रॅमर करतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवहाराचे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. कंपनी शुल्क घेते ते सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि साहाय्याचे.

परंतु बंधूंनो, दुसरी बाजूही पाहा. गाडी सुखरूप जाते तोवर गँगमनची आठवण कोणाला होते? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्रॅममधला 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. जगातल्या लाखो संकेतस्थळांचे व्यवहार याच प्रोग्रॅमच्या कुलपात होते. देखभाल करणारी माणसे मूठभर आणि देणग्या वर्षाला सुमारे २००० डॉलर! बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला. अपघातानंतरची चौकशी समिती आपल्याला नवी नाही.

म्हणून त्या साथीला माझे सांगणे असे. मुलीला अडवू नका. तिचे काम उघड्यावर आहे. नोकरी देणारा ते स्वतः वाचू शकतो, वशिला लागत नाही. गूगलच्या 'समर ऑफ कोड' योजनेत २००५ पासून शिकाऊ प्रोग्रॅमरना अशाच कामासाठी मानधन मिळत आले आहे. २०२४ मध्ये आपल्या देशातील झेरोधाने मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मात्र तिला एक गोष्ट आपणच शिकवायची, कारण ती आपण लढून शिकलो आहोत : प्रोग्रॅम सर्वांचा, पण वेळ आपला. शिकण्यासाठी, आवडीसाठी केलेले काम खुशाल द्यावे. पण एखादी कंपनी "हे उद्यापर्यंत हवे" म्हणू लागली, की ती नोकरीच झाली. तिथे लेखी करार, ठरलेले तास आणि ठरलेला मोबदला मागायचा. त्यात लाज कसली?

रूळ सर्वांसाठी असतात, म्हणून रूळ राखणाऱ्याने उपाशी राहावे असे आपण कधी मानले नाही. तोच न्याय आपल्या मुलांना लागू आहे.