बोटांनी वाचणारी मुले



तुम्ही वर्गात अक्षराखाली बोट ठेवून वाचता. घरातली पोरे हसतात. हसू द्या. आज ज्याची हकीकत सांगणार आहोत, तो तर नुसत्या बोटानेच वाचत असे.

फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळ कूपव्रे नावाचे खेडे आहे. तिथे एक जीनगर होता. घोड्यांची खोगिरे नि लगाम करायचे, हा त्याचा धंदा. १८०९ साली त्याला मुलगा झाला. त्याचे नाव लुई ब्रेल. तीन वर्षांचा असताना पोरगा बापाच्या दुकानात शिरला. कातडे टोचायची आरी त्याने उचलली. ती निसटली आणि थेट डोळ्यात गेली. जखम चिघळली. दुसऱ्या डोळ्यालाही लागण झाली. पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले.

त्या काळी गरिबाच्या अंध मुलाने बहुधा भीकच मागायची. पण लुईच्या आईबापांनी त्याला गावच्या शाळेत पाठवले. मास्तरांनीही बसवून घेतले. डोळस मुलांत बसून तो ऐकून ऐकून शिकला. हे नीट ध्यानात ठेवा. पुढे याच्यावर बोलायचे आहे.

पॅरिसमध्ये हाउई नावाच्या गृहस्थांनी १७८५ साली अंध मुलांची शाळा काढली होती. त्यांचा पहिला विद्यार्थी भीक मागणारा मुलगा. शिकायला बसला तर पोट कसे भरणार? म्हणून भिकेत मिळत तेवढे पैसे हाउई त्याला पदरचे देत. या शाळेत १८१९ साली लुई दाखल झाला. वय वर्षे दहा. तिथे उठावाच्या मोठाल्या अक्षरांची पुस्तके होती. पण ती फार जड. एकेक अक्षर चाचपायला वेळ लागे. आणि मुलांना वाचता आले, तरी लिहिता येत नसे.

पुढे बार्बिए नावाच्या एका लष्करी माणसाने टिंबांची एक रीत शाळेत आणली. तिच्यात बारा टिंबे होती. एका बोटाखाली ती मावत नसत. लुईने तीच रीत धरली आणि घटवत घटवत सहावर आणली. उभ्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. झाले. कुठली टिंबे द्यायची नि कुठली गाळायची, यावरून त्रेसष्ट खुणा होतात. हे त्याने १८२४ साली केले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. कागद टोचायला लागते टोकदार सळई. बापाच्या आरीची धाकटी बहीणच म्हणा!

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. पण नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी ही लिपी बंद केली. डोळसांना वाचता येत नाही ती लिपी कशाला, असे पुष्कळांना वाटे. मुले मग चोरून टोचत. आम्ही स्वतः मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेलो आहोत. तेव्हा ही खोड आमच्या ओळखीची आहे. लुई १८५२ साली क्षयाने वारला. शाळेने लिपी रीतसर मानली १८५४ साली. त्याला काही ते बघायला मिळाले नाही.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली निघाली. मुंबईत मिलार्डबाईंनी १९०० साली शाळा काढली. पण प्रांतोप्रांती टिंबांच्या रीती निरनिराळ्या. १९५१ साली सगळ्या भारतीय भाषांसाठी एक रीत ठरली. तिला भारती ब्रेल म्हणतात. तिच्यात अ म्हणजे डावीकडचे वरचे एकच टिंब. त्याच्या खाली, तळाला, आणखी एक दिले की क. त्यात उजवीकडचे वरचे घातले की म.

आता आमची गोष्ट. १९८९ साली आम्ही पहिलीच्या वर्गावर होतो. एक बाप आपल्या पोरीला घेऊन आला. पोर जन्मापासून अंध. तो म्हणाला, "गुरुजी, हिला कोपऱ्यात बसू द्या. ऐकून शिकंल." आम्ही म्हणालो, "अरे बाबा, फळा दिसत नाही. हिला बसवून आम्ही काय करू?" तो काही बोलला नाही. पोरगी दाराच्या चौकटीवरून हात फिरवत उभी होती. हात धरून त्याने तिला नेले.

अशा मुलांना साध्या शाळेत बसवावे, म्हणून सरकारची योजना १९७४ सालीच निघाली होती. आम्हाला तिचा पत्ता नव्हता. बरे, नसो. पण कूपव्रेच्या मास्तरांना तरी कुठली योजना माहीत होती?

आता कायदा आहे. पहिला झाला १९९५ साली. त्याच्या जागी २०१६ साली नवा झाला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. अपंगत्व शेकडा चाळीस किंवा जास्त असले, तर सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावे, नाहीतर खास शाळेत. मर्जी आपली. सरकारी किंवा मान्यता असलेली शाळा अपंग म्हणून मुलाला परत पाठवू शकत नाही. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते. तो काढून ठेवा. आणि गुरुजींनी कुरकुर केली, तर २०१६ चा कायदा म्हणून सांगा. आमच्यासारखे गुरुजी अजून असतील.

हा जाड कागद आम्ही बरोबर आणला आहे. त्यावर तीन घरे टोचली आहेत. म, मग क, मग काना. शब्द आहे मका. एकेकाने पुढे या. डोळे मिटा. बोट डावीकडून उजवीकडे न्या, आणि दाबू नका, टिंबे बसतात.