पावतीशिवाय अंगठा नाही

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते काढून जाळली. खतात काय लिहिले आहे हे खाली नांगराची निशाणी करणाऱ्याला ठाऊक नसे. १८७९ साली कायदा आला. खत सरकारी नोंदणीदारासमोर करावे आणि शेतकऱ्याने भरलेल्या पैशाची लेखी पावती द्यावी, असे त्यात आले. एवढे मिळवायला आपल्या पूर्वजांना तुरुंगात जावे लागले.

आज नांगराच्या निशाणीची जागा अंगठ्याने घेतली आहे. गावातल्या बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. म्हातारीला बँकेत जायची पायपीट वाचली, सोय चांगलीच आहे. पण "सर्व्हर डाऊन आहे आजी, पुन्हा बोट लावा," असे म्हणत दोनदा पैसे काढले, तर त्या आजीला कळणार कसे? पावती मागितल्यावरच कळेल. व्यवहार फसला तरी तसा कागद मागा.

ठसाही चोरीला जातो. २०१८ साली तेलंगणात एकाने जमीनखरेदीच्या दस्तांवरचे अंगठे संकेतस्थळावरून उतरवून घेतले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. यात शेतकऱ्याचा काय दोष? त्याने सरकारी कचेरीत, सरकारच्या सांगण्यावरून अंगठा दिला होता. यावर उपाय आहे. आधारच्या ॲपवरून ठसा 'लॉक' करता येतो. पैसे काढायच्या वेळी उघडावा, पुन्हा बंद करावा.

दुसरी चोरी मोबाइलवरून होते. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. हप्त्याचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर फाईल येते: "हप्ता अडकला आहे, हे ॲप टाका." नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती उघडली की मोबाइलवर येणारे ओटीपी चोराला दिसू लागतात. सरकारी योजनेचे ॲप असे कुणाच्या तरी नंबरवरून येत नसते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

तरीही फसगत झाली तर? गुलाबी अळी बोंडात शिरल्यावर वरून फवारून उपयोग नसतो. पैशाचेही तसेच. चोर ते या खात्यातून त्या खात्यात फिरवून काढून घेतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवा. रक्कम वाटेत असेल तर गोठवता येते. मग बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले: चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत त्याने कळवले, तर तोटा त्याच्या माथी मारायचा नाही, चूक ग्राहकाची आहे हे बँकेनेच सिद्ध करायचे. त्याच वर्षी सहकारी बँकांनाही हे लागू केले. साहेब म्हणतील, "तुम्हीच ओटीपी दिला असेल." त्यांना म्हणा, लिहून द्या.

सगळ्यात मोठा अडथळा लाजेचा आहे. शिकलेला मुलगा बापाला अडाणी म्हणेल, म्हणून बाप गप्प बसतो. चोराला नेमके हेच हवे असते. डॉक्टर आणि वकीलही फसले आहेत. लाज चोराला वाटावी. ज्याच्या घामाचा पैसा गेला त्याला कसली?

गावी गेल्यावर दोन कामे करा. चावडीच्या फळ्यावर १९३० हा आकडा ठळक लिहा. आणि बँक प्रतिनिधीला सर्वांनी मिळून सांगा: पावतीशिवाय अंगठा नाही!