समासातले दोन शब्द

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

मंडपात ऊन शिरायला लागलंय, म्हणून आटोपशीर बोलतो. तुमच्या आयांचं लक्ष तसंही माझ्याकडे नाही, तुमचा फोटो नीट निघतो की नाही याकडे आहे.

बी.ए.ला असताना नांदेडच्या एका रद्दीच्या दुकानातून मी शेक्सपियरचं 'हॅम्लेट' घेतलं होतं. पाठकोऱ्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबलेलं, पुठ्ठा उखडलेलं. त्याच्या तिसऱ्या अंकात राजा गुडघे टेकून प्रार्थना करत असतो. बापाचा खुनी असा पाठमोरा सापडलाय आणि हॅम्लेटच्या हातात तलवार आहे. तरी तो मारत नाही. आत्ता मेला तर हा स्वर्गात जाईल, पाप करताना सापडेल तेव्हा बघू, असं म्हणून निघून जातो. या ओळींशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'विचार'. त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईनं : 'भीती'.

दोघांतला एक नक्की चुकलाय, असं तेव्हा वाटलं. पुढे कळलं की या भांडणात फार मोठी माणसं उतरलेली आहेत. डॉ. सॅम्युएल जॉन्सननं १७६५ साली शेक्सपियरची नाटकं संपादित केली, तेव्हा या भाषणाचा त्याला अक्षरशः शहारा आला. हॅम्लेट बोलतो ते त्यानं जसंच्या तसं खरं धरलं. शत्रूला मारून भागत नाही, तो नरकातच गेला पाहिजे, असा हा हिशोब. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, पण ते सुडाच्या चाकरीला लागलंय. १८१७ साली समीक्षक हॅझलिट म्हणाला, छे, हा नुसता बहाणा. या पोराच्या हातून काही होत नाही आणि त्याला तो भारदस्त कारणं देतोय. ओळी त्याच होत्या, बावन्न वर्षांत वाचणारे बदलले.

आणि हा जॉन्सन म्हणजे विवेकाचा पुतळाच. पण शेक्सपियरच्याच 'किंग लिअर'मधला राजाच्या लेकीचा, कॉर्डेलियाचा मृत्यू त्याला इतका लागला, की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत त्यानं तो शेवट पुन्हा उघडला नाही. नाहम टेट नावाच्या गृहस्थानं १६८१ सालीच कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचं लग्न लावून दिलं होतं. दीडशेच्या वर वर्षं इंग्रज प्रेक्षक तोच गोड शेवट बघून घरी जात होते. आपल्याकडच्या सिनेमावाल्यांना उगीच नावं ठेवतो आपण.

आता आपल्या घरात या. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यापायी टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकर तेव्हा सव्वीस वर्षांचे. त्या कोठडीत त्यांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराला हात घातला. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि नाटकाचं नाव पडलं 'विकारविलसित'. बुद्धीला पटेल तेच मानणारा हा माणूस. त्यानं नाव देताना बुद्धीचा उल्लेखसुद्धा केला नाही. शिवाय शब्द बघा. 'भावना' म्हटलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. 'विकार' म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो : हृदयविकार, नेत्रविकार. पडदा वर जाण्याआधीच आगरकरांनी निदान करून टाकलंय. पण त्याला जोडलेलं 'विलसित' म्हणजे खेळ, लीला. निदान करणारा डॉक्टर त्या तापाकडे थोडा भान हरपूनच बघतोय, असं मला वाटतं. सुधारकाच्या आतला कवी त्या एका जोडशब्दात पकडला गेलाय.

पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हीच हॅम्लेटची भूमिका गाजवली. लोक यायचे ते गणपतरावांचा आवेश बघायला. १८९० साली देवलांनी 'ऑथेल्लो'चं नाव 'झुंझारराव' ठेवलं. मत्सराचं नाटक शौर्याच्या नावानं उभं राहिलं. शिरवाडकरांनी मात्र 'ऑथेल्लो' तसंच ठेवलं आणि विंदा करंदीकरांचं १९७४ चं पुस्तकही सरळ 'राजा लिअर'. रोग कुठला, शहाणपण कुठलं, हे पुस्तकाच्या कपाळावर लिहिण्याची हिंमत पुढच्यांना झाली नाही, की गरज वाटली नाही? माझं मत आगरकरांच्या बाजूनं झुकतं. निदान त्यांनी आपली पेन्सिल लपवली नाही.

हे सगळं इथे उमरीत कशाला, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणत असेल. पण हे भांडण इथलंही आहे. १९४८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या मंडळींनी निजामाच्या राजवटीतली इथली बँक लुटली, ते तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलंय. लहानपणी आमच्या ओसरीवर ती गोष्ट दोघं सांगायचे. एकाच्या सांगण्यात सगळा जोश : जिवावर उदार झालेली पोरं, घोषणा, धावपळ. दुसरे हळू आवाजात बोलायचे, आणि त्यांच्या गोष्टीत फक्त बेत असायचा : कोण कुठे उभं राहणार, रस्ता कुठला, पैशाचा हिशोब कुणाकडे. मी पोरगा होतो, मला पहिलीच आवडायची. आता दुसरी ऐकावीशी वाटते, तर सांगणारे नाहीत.

ते रद्दीतलं 'हॅम्लेट' आज सकाळी तुमच्या ग्रंथालयात देऊन आलो. पेन्सिलीचा 'विचार' पुसट झालाय, निळी 'भीती' अजून ठळक आहे. बांधणी सुटली आहे, जपून उघडा.