वर्तनोपचार आणि आईबापांच्या अपेक्षा



ज्या मुलाचे वागणे घरच्यांस वा शाळेस आवरेनासे होते, त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे न्या, असे पालकांस सांगणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्या योजनेप्रमाणे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत येते, आणि ज्या मुलाची अधिक तपासणी आवश्यक दिसेल त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडते. अशा केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची योजना केलेली असते. सेवा विनामूल्य असते.

अडचण निराळीच आहे. पुष्कळ कुटुंबे एकदा जातात आणि पुन्हा जात नाहीत. एका दिवसाची मजुरी बुडालेली, एस.टी.चे भाडे गेलेले, आणि तेथे पाहावे तो औषधाची बाटली नाही की सुई नाही! एक बाई मुलाबरोबर ठोकळे मांडीत बसल्या आणि आईला मात्र नाना प्रश्न विचारीत राहिल्या. यात उपचार तो कोणता, असा विचार करीत आईबाप परततात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेथे काय घडणार, हे त्यांस आधी कोणी सांगितलेलेच नसते. आणि ते सांगू शकेल, ज्याच्या शब्दावर घरचे विश्वास ठेवतील, असा मनुष्य गावात बहुधा शिक्षकच असतो.

वर्तनोपचाराची मूळ कल्पना साधी आहे. वागणे हे बरेचसे शिकलेले असते. म्हणून ते नव्याने शिकविताही येते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशास पाहताच भयभीत होई. लोकरीचा कोट, पिसे, कापूस यांचीही त्यास धास्ती वाटे. जोन्सबाईंनी त्यास धीटपणाचा उपदेश केला नाही. सशाला न भिणारी मुले त्याच्या सोबतीस खेळावयास आणली, आणि ससा हळूहळू त्याच्या जवळ येऊ दिला. काम बरेच पुढे गेले होते, तोच पीटर तापाने आजारी पडून सुमारे दोन महिने रुग्णालयात राहिला. आणि तेथून निघताना एका मोठ्या कुत्र्याने त्यास घाबरविले. झाले! भीती पुन्हा पहिल्यासारखी. बाईंनी पुन्हा आरंभ केला. आता मूल आपल्या आवडीचे खाणे खात असता ससा इतक्या अंतरावर आणावयाचा की त्याचे खाणे बिघडू नये, आणि ते अंतर क्रमाक्रमाने कमी करावयाचे. अखेर पीटर सशाशी आनंदाने खेळू लागला.

या एका हकीकतीत आईबापांस सांगण्याजोगे जवळजवळ सर्व आले. उपचार हळू चालतो. तो मुलाच्या पावलांनी चालतो. मध्ये आजारपण वा एखादा प्रसंग येऊन पिछेहाट होते, आणि पिछेहाट झाली म्हणजे उपचार फसला असे होत नाही. ही विद्या आपल्याकडे काल-परवा आली, असेही कोणी समजू नये. मुंबईत पहिले बालमार्गदर्शन चिकित्सालय १९३७ साली निघाले.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. तज्ज्ञ प्रथम तीन गोष्टी विचारतात: वागणुकीच्या लगेच आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर लगेच काय झाले. समजा, तिसरीतील एक मुलगा मराठीच्या तासाला पाटी आपटतो आणि शेजाऱ्यास ढकलतो. गुरुजी त्यास वर्गाबाहेर उभे करतात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गुरुजींच्या दृष्टीने ही शिक्षा; परंतु मुलाच्या दृष्टीने पाहावे तर जे वाचन त्यास जमत नाही, ज्यापायी वर्ग हसतो, त्यातून ही सुटका आहे. पाटी आपटली की सुटका होते, हा धडा त्याने चोख पाठ केलेला असतो! हे ध्यानी आल्यावर उपायही दिसू लागतो. त्याच्यापुढे पानाऐवजी दोनच ओळी ठेवाव्यात, अडल्यास हात वर करून मदत मागावयास त्यास शिकवावे, आणि हात वर केल्याबरोबर मदत मिळावी. त्याबरोबरच वाचन का जमत नाही याचाही शोध घ्यावा लागतो. डोळ्यांचा दोष असेल. विशिष्ट अध्ययन अक्षमता असेल, जिचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झालेला आहे.

म्हणूनच पहिल्या भेटीत प्रश्नच अधिक असतात. जन्माची वेळ, पहिला शब्द, झोप, आकडी, घरातील माणसे, हे सर्व विचारले जाते. कानांची तपासणी सांगितली तर पालकांस नवल वाटते. पण ज्यास कमी ऐकू येते ते मूल हाक मारली तरी वळत नाही आणि हट्टी ठरते. काही मुले बोलता बोलता काही क्षण शून्यात पाहत राहतात व पुन्हा भानावर येतात. हे लक्ष नसल्याचेच लक्षण असेल असे नाही, तो अपस्माराचा एक प्रकारही असू शकतो. शिक्षकाने असे काही पाहिले असल्यास ते अवश्य कळवावे.

यापुढची गोष्ट पालकांस सर्वांत अनपेक्षित वाटते. मुलाला केंद्रात सोडावे आणि सुधारून परत न्यावे, असा हा प्रकार नाही. तज्ज्ञ आठवड्यातून वा पंधरवड्यातून तासभर भेटतात. उरलेले सर्व तास मूल घरी आणि शाळेत असते. म्हणून शिकवणी मुख्यतः आईबापांची होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, अतिचंचलता व अवधानदोष असलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी औषधाच्या आधी पालकांच्या प्रशिक्षणाचाच मार्ग सांगितलेला आहे. हे ऐकून एखादी माउली दुखावते, 'म्हणजे चूक माझीच का?' असे तिच्या मनात येते. तिला सांगावे की दुखऱ्या पायाची मालीश शिकविली म्हणजे पाय तिने मोडला असे ठरत नाही.

आठवडी बाजाराचे उदाहरण आईबापांस चटकन पटते. मूल खेळण्यासाठी जमिनीवर लोळण घेते. आई पाच वेळा नाही म्हणते आणि सहाव्या वेळी, लोक पाहू लागले म्हणून, घेऊन देते. मूल यातून काय शिकते? पाच वेळा नाही ऐकले तरी सहाव्या वेळी मिळते, म्हणून सोडू नये! कधी मिळते व कधी मिळत नाही अशा रीतीने पोसलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे. आता तज्ज्ञांच्या सल्ल्याने आईने ठाम राहावयाचे ठरविले, तर पहिल्या काही बाजारांना रडणे कमी होण्याऐवजी वाढते. याची पूर्वकल्पना नसेल तर नेमके याच वेळी घरचे म्हणतात, 'या उपचाराने पोर जास्तच बिघडले,' आणि सर्व सोडून देतात. शिक्षकाने दुसरे काही सांगितले नाही तरी एवढे एक आधीच सांगून ठेवावे.

बक्षिसाविषयी आजोबांचा आक्षेप ठरलेला असतो: ही लाच झाली! भेद असा आहे. रडणे थांबावे म्हणून रडत असताना दिलेले चॉकलेट ती लाच; 'दप्तर जागेवर ठेवलेस की गोष्ट सांगेन,' असे आधी ठरवून, काम झाल्यावर लगेच दिलेले ते बक्षीस. त्यास पैसे लागत नाहीत. 'शहाणा माझा' यापेक्षा 'दप्तर न सांगता ठेवलेस, बरे वाटले,' हे वाक्य अधिक काम करते, कारण नेमके काय आवडले ते मुलास त्यातून कळते.

किती दिवस लागतील? हट्ट, आदळआपट अशा तक्रारींसाठी पालकांच्या बैठका बहुधा आठ ते सोळा होतात. स्वमग्न मुलाच्या बाबतीत महिने आणि वर्षे धरून चालावे. स्वमग्नता समूळ नाहीशी करणारे औषध आज नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. मात्र मूल बोटाने दाखवून मागू लागले, अंगात सदरा घालू लागले, पंक्तीत बसून जेवू लागले, हे बदल त्या घराला फार मोठे असतात. प्रगती मोजावी. भिंतीवरील दिनदर्शिकेवर ज्या दिवशी जितक्या वेळा आदळआपट झाली तितक्या रेघा ओढाव्यात. रोजच्या त्राग्यात जे दिसत नाही ते महिनाअखेर रेघांत दिसते. रेघा महिन्याभरात मुळीच कमी झाल्या नाहीत, तर उपाय बदला असे तज्ज्ञांस म्हणण्याचा अधिकार पालकांस आहे. त्यात उद्धटपणा नाही.

जेथे खाजगी सेवा घेतली जाते तेथे अधिक सावध राहावे लागते. आईबापांस कायम दाराबाहेर बसवून आत काय केले हे न सांगणारे, सर्व मुलांस एकच सराव देणारे, बरे करून देण्याची हमी देऊन वर्षाची फी आगाऊ मागणारे, आणि मुलास मारणारे, बांधणारे वा कोंडणारे ठिकाण तत्काळ सोडावे. माराचा प्रश्न शाळेतही आहेच. 'मारा, पण शिकवा,' असे पालक मोकळ्या मनाने म्हणतात. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केलेली आहे, पालकांची संमती असो वा नसो. घरी ठाम पण शांत राहण्याचा सराव चालू असता शाळेत छडी बसली, तर आईची मेहनत वाया जाते.

काही घरे आधी देवऋषीकडे जातात. त्यांची थट्टा करू नये. थट्टा झाली की ते घर शाळेपासून लपवू लागते. अंगारा लावावयाचा तर लावा, पण केंद्राची तारीख चुकवू नका, एवढे म्हणणे पुरे. भूत काढण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे वा मारणे हा मात्र महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगावे.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतते. मधले महिने उपचार खंडित होतो. पीटरला दोन महिन्यांचा खंड किती महाग पडला ते वर आलेच आहे. निघण्यापूर्वी एक भेट घेऊन, फडावर असताना आईबापांनी कोणत्या दोन-तीन गोष्टी चालू ठेवावयाच्या ते विचारून घ्यावे, आणि दूरध्वनीवर विचारपूस होईल का तेही ठरवावे. टेली-मानस ही शासनाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. घरच्या माणसांचा धीर खचल्यास तेथे बोलता येते.

शिक्षकाने केंद्रासाठी चिठ्ठी द्यावी ती पालकांस वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने. 'मूल आगाऊ आहे', 'मतिमंद वाटते' असे शेरे तीत नसावेत. 'गेल्या दोन आठवड्यांत सात वेळा वर्गातून पळाला, सात पैकी सहा वेळा वाचनाच्या तासाला. खेळाच्या तासाला एकदाही नाही,' असे लिहावे. मूल काय चांगले करते, तेही लिहावे. चिठ्ठी बंद पाकिटात घालावी, गावच्या पारावर त्या विषयाची वाच्यता करू नये, आणि पुढची तारीख केव्हाची आहे हे केंद्रातून परतल्यावर पालकांस विचारून हजेरीपटाच्या मागील कोऱ्या पानावर नव्हे, तर स्वतःच्या वहीत टिपून ठेवावे.